गुडघ्यावरचा राजा

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी राजा खुर्चीत बसला होता आणि त्याला नाक खाजवायची परवानगी नव्हती.

खुर्ची स्वयंपाकघरातली होती, एक हात ढिला झालेली. राजाच्या अंगावर पिवळी चादर, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, आणि राजदंड म्हणून पडद्याची पोकळ नळी. समोर त्याची बायको उभी होती. तिच्यापुढे तिरका टेकवलेला बोर्ड, बोर्डावर पांढरा पुठ्ठा, आणि शेजारच्या स्टुलावर रंगांच्या बाटल्या आणि दांडी तुटलेल्या कपात ब्रश. पश्चिमेच्या खिडकीतला उजेड साडेसातपर्यंतच कामाचा असतो. नंतर समोरच्या इमारतीच्या काचा चमकायला लागतात आणि नाकाला दोन-दोन सावल्या पडतात. म्हणून या घरात सकाळचा चहा काम संपल्यावर होतो.

“नाकावर माशी आहे,” राजा ओठ न हलवता म्हणाला.

“असू दे. राजाच्या नाकावरही बसत असेल.”

“राजाकडे वारा घालायला माणूस असतो.”

“तुमच्याकडे बायको आहे आणि तिचे हात गुंतलेत. हनुवटी वर करा.”

बाई चौपन्न वर्षांच्या आहेत. बसस्टँडवर दोरीला चिमट्यांनी टांगून विकली जातात त्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांची मुखपृष्ठं त्या काढतात. तीस वर्षं झाली, एकाच प्रकाशकासाठी. गल्लीत त्यांना ब्रशवाल्या बाई म्हणतात. नवरा बसमधला निवृत्त कंडक्टर. मॉडेल म्हणून बाहेरचा माणूस बोलावणं कधी परवडलं नाही, त्यामुळे तीस वर्षांत तो चोर झाला, इन्स्पेक्टर झाला, वेडा डॉक्टर झाला, तीन वेळा प्रेत झाला. एकदा शाल पांघरून नायिकेची आईही झाला. त्या वेळी बाई मिशी गाळायला विसरल्या आणि ती आवृत्ती तशीच खपली. कुणाची तक्रार आली नाही. नवरा अजून म्हणतो की ती त्याची सर्वांत गाजलेली भूमिका.

या वेळचं पुस्तक होतं ‘पाणथळीचा राजा’. परक्या मुलखातल्या एका बोट कंपनीच्या अधिकाऱ्याने शंभरएक वर्षांपूर्वी लिहिलेली साहसकथा. उष्ण प्रदेशातली नदी, नदीच्या तोंडाशी दलदल, दलदलीत एक राजा, आणि त्याचा जलमार्ग ताब्यात घ्यायला आलेला गोरा कॅप्टन. आपल्या भाषेत ती एका निवृत्त मास्तरांनी आणली, पुष्कळ कापून. कापलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात राहिलं ते मुखपृष्ठ: राजा उघड्या पाठीने गुडघ्यांवर, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, दोन्ही तळवे वर, समोर बूट रोवून उभा कॅप्टन, हातात बंदूक, मागे नदी.

तो राजा म्हणजे बाईंचे वडील.

वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अधूनमधून मुखपृष्ठाचं काम मिळे. त्यांनाही मॉडेल परवडत नव्हतं, आणि त्यांच्या बायकोने सदरा काढून गुडघ्यावर बसायला साफ नकार दिला होता. म्हणून त्यांनी कपाटाचा आरशाचा दरवाजा बिजागरीतून काढला, भिंतीला टेकवला, आणि स्वतःच बसले. एक नजर आरशात, एक फटकारा पुठ्ठ्यावर. कॅप्टनचा चेहरा दाढीच्या पात्यांच्या पाकिटावरून उचलला. राजाचा चेहरा मात्र होता तसा उतरला, कानाखालच्या तिळासकट.

बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. बसस्टँड शाळेच्या वाटेवर. पुस्तकं दोरीवर अशा उंचीला टांगलेली असत की नऊ वर्षांच्या मुलीच्या बरोबर डोळ्यांसमोर यावीत. वर्गात कुणीतरी ओळखलं आणि मग सगळ्यांनीच ओळखलं. “अगं, तुझे बाबा अजून उठले नाहीत का?” हा विनोद दोन वर्षं चालला. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा वडील हसले. म्हणाले, “दिवसभर पाट्या रंगवताना गुडघ्यावरच असतो मी. चित्रात निदान राजा तरी आहे.”

त्यांना त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं. या दोन गोष्टी तिने नंतर कधी एकत्र केल्या नाहीत. वडील गेले, पुस्तक दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा छापलं जात राहिलं, त्याच चित्रासह. बाई बसस्टँडवर गेल्या की त्या स्टॉलपुढून भरभर चालत. बस चुकेल म्हणून, असं सांगत. नवरा स्वतः कंडक्टर असल्यामुळे त्याला बसच्या वेळा पाठ होत्या.

गेल्या शनिवारी त्या प्रकाशकाच्या कचेरीत दुसऱ्याच एका पुस्तकाचं चित्र द्यायला गेल्या होत्या. कचेरी म्हणजे गोदामाचा पुढचा भाग: गठ्ठे, गठ्ठ्यांना बांधलेली सुतळी, आणि एका टेबलावर संगणक. संगणकावर मालकांचा भाचा बसतो. तिशीतला, कामाला हुशार. त्याच्या पडद्यावर वडिलांचा चेहरा होता, पाटाएवढा मोठा.

“काकू, बघा ना, किती स्वच्छ झालं!” भाचा म्हणाला. “मामा नवी आवृत्ती काढतोय. मोठा आकार, जाड कागद, चकचकीत. जुनं चित्र झकास साफ होतंय. हा इथे एक डाग आहे, तो काढतो.”

“डाग नाही तो. तीळ आहे.”

“राजाला तीळ?”

“माझ्या वडिलांना.”

भाच्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

बाई तशाच आतल्या टेबलाकडे गेल्या. मालक डबा खात होते.

“पाणथळीचं चित्र मी नवं काढून देते,” त्या म्हणाल्या.

“ताई, आता हे काय नवीन? जुनं तयार आहे, फुकट आहे, आणि चालतंय.”

“शुक्रवारी आणते. पसंत पडलं तर ते छापा. नाही पडलं तर जुनं आहेच. तुमचं काय जातंय?”

“माझं काही जात नाही. तुमचा आठवडा जातोय.”

“तो माझा मी बघते.”

मालकांनी डब्याचं झाकण लावलं. “शुक्रवार म्हणजे शुक्रवार. सोमवारी दुपारी छपाईच्या प्लेटा करायला टाकायच्यात.”

बाजी अशी लागली. बाई हरल्या तर वडील पुन्हा गुडघ्यावर, आणि या वेळी चकचकीत कागदावर, दुप्पट मोठे.

घरी बाईंची आई असते. वय ब्याऐंशी, कान शाबूत, दात नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लसूण सोलता सोलता म्हणाली, “तुझ्या बापाला त्याचं काही नव्हतं.”

“मला आहे.”

“तो तर सांगायचा लोकांना, हा बघा मी म्हणून. पाहुण्यांना पुस्तक काढून दाखवायचा.”

“आई, मला आहे म्हटलं ना.”

“मग काढ बाई. मी कुठे हात धरलाय? पण काढायच्या आधी वाच तरी. तुम्ही चित्रवाले न वाचताच काढता.”

हे खरं होतं. या धंद्यात पुस्तक वाचायची रीत नाही. मालक तोंडाने चार शब्द सांगतात आणि चित्रकार त्या चार शब्दांचं चित्र करतो. पुस्तक वाचलं की डोक्यात चित्रं फार होतात आणि पुठ्ठ्यावर एकच मावतं, असं वडील म्हणायचे. बाईंनी ते तीस वर्षं पाळलं. वडिलांना ‘पाणथळीच्या राजा’चं काम मिळालं तेव्हा आत्ताच्या मालकांचे वडील घरी आले होते. आई चहा घेऊन बाहेर आली आणि तिने स्वतःच्या कानाने ऐकलं: “राजा गुडघ्यावर. कॅप्टन. बंदूक. नदी.” एवढं सांगून ते चहा पिऊन गेले.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. रविवारी भाजी निवडताना, सोमवारी दवाखान्याच्या रांगेत. लेखक राजाला पानोपानी नावं ठेवत होता. कावेबाज, रानटी, तेलकट हसणारा. पण चौथ्या प्रकरणात कॅप्टन राजाला भेटायला येतो तेव्हा राजा त्याला तीन दिवस बाहेर थांबवून ठेवतो. बंदूक दारात काढून घेतात. तिसऱ्या दिवशी कॅप्टन हातात टोपी घेऊन उभा राहतो आणि राजा बसल्या जागेवरून विचारतो, “कोण आलंय?”

“लेखक शिव्या देतो आणि काम मात्र राजाला चोख देतो,” बाई नवऱ्याला म्हणाल्या.

“आमच्या डेपोचा मॅनेजर तसाच होता. मला नालायक म्हणायचा आणि अवघड रूट मलाच.”

वेळ कमी होता. पुढचं न वाचता बाईंनी पुस्तक मिटलं, स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीत ओढली, आणि चादर काढली. गुरुवारी त्या राजाच्या हनुवटीपर्यंत आल्या होत्या ते अशा रीतीने.

चित्र शुक्रवारी वेळेवर गेलं. राजा बसलेला, पाहणाऱ्याकडे सरळ बघत. कॅप्टन पाठमोरा, टोपी हातात. बंदूक कोपऱ्यात पहारेकऱ्याकडे. नदी खिडकीतून, बोटभर.

मालकांनी चित्र हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. मग खुर्चीवर ठेवून दहा पावलं मागे गेले. ते नेहमी असंच बघतात. स्टॉलपासून माणूस तेवढ्याच अंतरावरून जातो.

“छान आहे,” ते म्हणाले.

“पण?”

“हा चौथ्या प्रकरणातला.”

“तुम्ही वाचलंय?”

“चड्डीत होतो तेव्हा. मला हाच भाग आवडायचा, ‘कोण आलंय?’ म्हणतो तो. वडिलांना म्हटलंही होतं मी, की अण्णा, आपलं चित्र चुकलंय. ते म्हणाले, ही आवृत्ती संपली की बघू. संपेपर्यंत पुढची छापून व्हायची.” मालक बसले. “पण ताई, स्टॉलवर गिऱ्हाईक काय मागतं, माहितीये? पुस्तकाचं नाव कुणी घेत नाही. ‘तो गुडघ्यावरचा राजा द्या’ म्हणतात. ते नावच पडलंय. बसलेला राजा टांगला तर म्हणतील, हे नाही, ते दुसरं.”

मुद्दा खोटा नव्हता. बाईंनाही तो कळला, आणि त्यामुळेच त्यांना जास्त राग आला.

“म्हणजे गुडघ्यावर हवाच?”

“हवाच. कॅप्टन हवा, बंदूक हवी, आणि नदी अशी बोटभर नको, चांगली दिसायला हवी. नाही तर सोमवारी जुनं जातं. शब्द तुमचाच आहे.”

भाचा हळूच म्हणाला, “काकू, एक करू का? जुन्या चित्रात मी चेहरा बदलतो. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या कुणाचा तरी लावू.”

बाईंनी विचार केला. खरंच केला, तेवढ्या वेळात रस्त्यावरून एक टेम्पो रिव्हर्स घेऊन निघून गेला.

“नको,” त्या म्हणाल्या. “मग दुसऱ्या कुणाचा बाप बसेल.”

चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून त्या परत आल्या. नवऱ्याने दार उघडलं, पुडक्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. दुसरा घोट घेऊन झाल्यावर म्हणाला, “राजाला राजीनामा द्यावा लागला वाटतं.”

“त्यांना गुडघ्यावरचाच हवाय.”

“मग?”

“सोमवारपर्यंत वेळ आहे.”

“सोमवारपर्यंत तू काय काढणार? ते मागतात तेच काढायचं नाहीये तुला.”

“पुस्तक अर्धं राहिलंय,” बाई म्हणाल्या. “आधी ते संपवते.”

शनिवारी सकाळी उजेड असताना त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा ब्रश न उचलता पुस्तक उचललं. नवव्या प्रकरणात त्या थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, कारण आई आतून “काय झालं गं?” म्हणून ओरडत होती.

नवव्या प्रकरणात कॅप्टन भरतीच्या पाण्यावर तीन बोटी घेऊन खाडीत शिरतो. राजाचे लोक घाबरतात. राजा एकटा काठावर येतो, चिखलात गुडघ्यांवर बसतो आणि मनगटापर्यंत हात आत घालतो. लेखकाने लिहिलं होतं, ‘एखाद्या जनावराप्रमाणे’. हात आत ठेवून राजा वाट पाहतो. चिखलातून पाणी परतायला लागलेलं त्याला बोटांना कळतं. भरती सरली. तो मान वर करून आपल्या माणसांना सांगतो, कुणी काही करू नका, बसून राहा. काही तासांत खाडी रिकामी होते. बोटी कुशीवर कलंडतात. कॅप्टन खाली उतरतो, मांड्यांपर्यंत रुततो, आणि बंदूक भिजू नये म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहतो.

आईने लसणाची पाकळी बाजूला ठेवली.

“म्हणजे मालकाच्या बापाने वाचलं होतं की,” ती म्हणाली. “राजा गुडघ्यावर, कॅप्टन, बंदूक, नदी. सगळं बरोबर सांगितलं. चहा निवत होता म्हणून मधलं तेवढं गाळलं.”

“आणि बाबांनी राजाला कॅप्टनसमोर बसवला.”

“तो तरी काय करणार? गुडघ्यावर माणूस म्हटलं की समोर दुसरा कुणी उभा असणारच, असं वाटतं.”

बाईंनी पुढची प्रकरणंही वाचली. शेवट त्यांना आवडला नाही. कॅप्टन जास्त बोटी घेऊन परत येतो, राजाची गोदामं जाळतो, आणि राजा एका ओळीत नाहीसा होतो. “निदान अर्धं पान तरी द्यायचं होतं,” असं म्हणून त्यांनी पुस्तक कपाटावर ठेवलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, तुमचा डावा गुडघा कसा आहे?”

“का?”

“असंच.”

“असंच कुणी गुडघा विचारत नाही. डॉक्टरांनी जमिनीवर बसायची बंदी केलीय, तुझ्यासमोर केलीय.”

“जमिनीवर नाही. गोधडी घालते चौघडी करून.”

नवऱ्याने चष्मा काढला. तिचा चेहरा बघितला आणि मग छताकडे बघितलं. “वा. म्हणजे सासऱ्यांना उठवलं आणि जावयाला बसवलं!”

“तुम्ही कॅप्टनसमोर नाही बसायचं. नदीसमोर बसायचं.”

“गुडघ्याला काय कळतंय कोण समोर आहे ते?”

तरी रविवारी सव्वासहाला तो गच्चीवर होता, सदरा काढून, चौघडी गोधडीवर. घरात खिडकीचा उजेड एका बाजूने येतो. उघड्यावरच्या माणसाला तो चालत नाही. कुंड्यांतली माती पाण्यात कालवून बाईंनी घमेल्यात चिखल केला होता आणि त्याचा उजवा हात त्यात मनगटापर्यंत घातला होता. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेला शेजारी थांबला.

“काय हो कंडक्टरसाहेब, सकाळी सकाळी माफी मागताय?”

“नाही, भरती-ओहोटी बघतोय!”

“घमेल्यात?”

“सुरुवात लहानापासून करावी.”

“बोलू नका,” बाई म्हणाल्या. “मान ताठ. खाली बघू नका, लांब बघा. तिथे पाणी परत जातंय.”

“तिथे पाण्याची टाकी आहे.”

“टाकीकडे बघा.”

अवघड जागा पाठीची होती. गुडघ्यावरच्या माणसाची पाठ आपोआप वाकते, आणि वाकली की तो पुन्हा शरण आलेला दिसतो. बाईंनी दोनदा रेघ काढली आणि दोनदा खोडली. मग त्यांनी नवऱ्याला हात थोडा पुढे टाकायला सांगितला. हात पुढे गेला, खांदा उघडला आणि पाठ सरळ झाली. काम करणाऱ्या माणसाची पाठ झाली. पेन्सिल भरभर चालायला लागली.

“आधी गुडघे संपव,” राजा दातांतून म्हणाला. “तोंड मी खुर्चीत बसून देतो.”

गुडघे झाले तेव्हा दोघांनी मिळून त्याला उठवलं. एका बाजूने बायको, दुसऱ्या बाजूने काठी टेकत वर आलेली सासू. “जावईबापू, तुमच्या सासऱ्याने सबंध दिवस काढला होता असा,” सासू म्हणाली. “तेव्हा ते तिशीत होते हो,” जावई म्हणाला.

तोंड काढायच्या वेळी आईनेच विचारलं, “चेहरा त्याचा लावतेस का? आता नीट बसलाय तर.”

बाईंनी ब्रश धुतला, कपाच्या काठावर निथळला. “नको. बाबांनी पुष्कळ वर्षं काम केलं. हे यांचंच राहू दे.”

बाकीचा पुठ्ठा रविवारी दिवसभरात भरला. राजा अगदी पुढे, अर्ध्या चित्रात. जवळचं मोठं आणि लांबचं लहान, हा तर पहिल्या महिन्यात शिकायचा नियम. त्याच्या मागे ओसरती खाडी, कुशीवर पडलेल्या बोटी, आणि राजाच्या खांद्याएवढ्या उंचीचा कॅप्टन, मांड्यांपर्यंत चिखलात, बंदूक डोक्यावर. त्याची टोपी शेजारी डबक्यात.

सोमवारी दहा वाजता चित्र मालकांच्या खुर्चीवर होतं आणि मालक दहा पावलांवर. भाच्याने संगणक सोडून मान पुढे काढली होती.

मालक बराच वेळ बघत राहिले. “राजा गुडघ्यावर,” ते हळू म्हणाले आणि त्यांची नजर चित्रावरून फिरत गेली. टोपीपाशी आल्यावर ते हसले. आधी नाकातून, मग पोट हलवून.

“नववं प्रकरण,” ते म्हणाले. “हे मी विसरलोच होतो.”

“गिऱ्हाइकाने गुडघ्यावरचा मागितला तर द्यायला हरकत नाही ना?”

“हरकत नाही.” ते पुढे आले, पुन्हा मागे गेले. “पण उजवीकडे पाणी रिकामं वाटतंय. मगर हवी.”

“पुस्तकात मगर नाही.”

“पाणथळ आहे ना? मग मगर असणारच. लेखकाला दिसली नसेल. ताप यायचा त्याला, प्रस्तावनेत आहे.”

बाईंनी पिशवीतून रंग काढले. भाच्याच्या पाण्याच्या ग्लासात ब्रश बुडवला आणि उजव्या कोपऱ्यात मगर घातली. डोळे, नाक आणि पाठीचे दोन कंगोरे.

“झकास,” मालक म्हणाले. मग सहज सांगितल्यासारखं, “आणि राजाची मान जरा मागे वळवता येईल? कॅप्टनकडे. थोडी भीती चेहऱ्यावर. थोडीच.”

“नाही.”

“अगदी थोडी?”

“मगर मोठी करून देते. जबडा उघडते, दात काढते, कॅप्टनच्या पायापाशी आणते. अक्षरं लाल करा, पिवळी करा, बंदुकीतून धूर हवा तर धूर देते. मान वळणार नाही.”

मालकांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा छताचा पंखा बघत होता.

“धूर नको,” मालक म्हणाले. “डोक्यावर धरलेल्या बंदुकीतून धूर कसा येईल? पण जबडा उघडा.”

जबडा उघडला. दात आठ आले. चित्र वाळायला पंख्याखाली ठेवलं, आणि वाळल्यावर भाच्याने ते स्कॅनरवर पालथं घातलं. यंत्राचा पट्टा सरकत असताना त्याने विचारलं, “काकू, जुनी फाईल पुसून टाकू?”

“पुसू नकोस. काम चांगलंय ते. पाठीचे स्नायू बघ एकदा, आरशात बघून काढलेत. फक्त पुस्तकावर नको.”

भाच्याने फाईलचं नाव बदललं. नव्या नावात राजा नव्हता. बाईंच्या वडिलांचं नाव होतं, ते त्याने बाईंना विचारून घातलं.

दुपारी प्लेटा गेल्या. बाई घरी आल्या तेव्हा नवरा पाय स्टुलावर ठेवून बसला होता आणि सासू त्याच्या गुडघ्याला तेल लावत होती. चित्र पसंत पडलं का, असं दोघांपैकी कुणी विचारलं नाही. बाईंच्या हातात पुडकं नव्हतं.

“मगर घालावी लागली,” बाई म्हणाल्या.

“तिला कोण बसलं?” नवऱ्याने विचारलं.

छापखान्याचं मशीन एकरंगी आहे. चार रंग एकामागून एक चढतात आणि पहिल्या रंगाच्या वेळी चित्रकाराने समोर असावं, असा तिथला नियम आहे. उद्या, मंगळवारी, सकाळी साडेसातला शटर वर जाईल आणि आधी पिवळा चढेल. बाईंना सहा चाळीसची बस धरायची आहे. ती बसस्टँडवरून सुटते, त्या स्टॉलच्या समोरून.